पातळ केलं म्हणता, पण घट्ट होतं कधी?

आमच्या जुन्या कॉलेज ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय. त्याचं सार असं: आरपीजी, म्हणजे एखादं पात्र घेऊन लढत लढत त्याला बळकट करत न्यायच्या व्हिडिओ गेमच्या जुन्या मालिका आजच्या पोरांसाठी पातळ केल्या. पूर्वी मेलं की मेलं, आता सोपी लेव्हल. पूर्वी आपली पाळी आली की डोकं लढवायचं, आता नुसती बटणं बडवायची. पूर्वी वाट शोधायची, आता स्क्रीनवर बाण. खाली अंगठ्यांची रांग. अंगठे देणारे सगळे चाळिशीचे, कोथरूडात नाहीतर सिंहगड रोडला हप्ते भरत बसलेले. मीही त्यातलाच, म्हणूनच गप्प बसवत नाही.

‘मेलं की मेलं’पासून सुरू करतो, कारण ते धडधडीत खोटं आहे. ड्रॅगन क्वेस्ट या जपानी मालिकेचा पहिला भाग १९८६ चा. त्यात हिरो मेला की थेट राजासमोर जिवंत उभा. राजा दोन शब्द सुनावतो, निम्मं सोनं जातं, लढून कमावलेला अनुभव, ज्यावर हिरो बळकट होतो, तो मात्र शाबूत. आमच्या शाळेत डबा विसरण्याची शिक्षासुद्धा यापेक्षा कडक होती. आणि हे मुद्दाम केलेलं होतं. हा गेम रचणाऱ्या युजी होरींना विझार्ड्री आणि अल्टिमा या १९८१ च्या अमेरिकन गेमचं वेड. विझार्ड्रीत भुयाराचा नकाशा चौकटीच्या कागदावर आपणच काढायचा. मेलेल्याला उठवायला गेलात आणि फसलं तर त्याची राख, राखेवरचा प्रयत्नही फसला तर तो कायमचा गेला. जपानच्या ज्या मुलांनी असलं काही पाहिलंच नव्हतं, त्यांच्या हातातल्या फॅमिकॉम या घरगुती गेमयंत्राच्या चार बटणांवर मावेल इतकं होरींनी ते सोपं केलं. म्हणजे आपण ज्याला अस्सल म्हणून कवटाळतो, तेच मुळात पातळ केलेलं! सोपी लेव्हलही आजची नाही. फायनल फँटसी या दुसऱ्या जपानी मालिकेच्या चौथ्या भागाची सोपी आवृत्ती जपानमध्ये १९९१ सालीच निघाली होती.

खरोखर ‘मेलं की मेलं’ कुठे होतं, तर सैन्य लढवायच्या फायर एम्ब्लेम मालिकेत. तिथे २०१० साली पडलेला सैनिक पुढच्या लढाईत परत येण्याची सोय आली. जुना नियम काढला का? नाही. सुरुवातीलाच विचारतात, कोणता हवा.

आता बटणं बडवण्याचं. फायनल फँटसीपुरतं हे खरं आहे. २०२३ चा सोळावा भाग सरळ मारामारी आहे आणि मलाही तो तितकासा जवळचा वाटला नाही. पण ते एका रात्रीत झालं नाही. वर ज्या चौथ्या भागाचं नाव घेतलं, त्यातच घड्याळ सुरू झालं होतं. तुम्ही विचार करत बसलात म्हणून समोरचा थांबत नसे. आणि सगळे त्याच दिशेने गेले म्हणावं, तर बाल्डर्स गेट बघा. १९९८ च्या पहिल्या भागात लढाई चालू राहायची, हवी तिथे आपण थांबवायची. २०२३ चा तिसरा भाग चक्क पाळीपाळीने खेळायचा, आणि त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये सर्वोत्तम गेम तोच ठरला. त्याहून गंमत याकुझाची. २००५ पासून रस्त्यावरची हाणामारी हीच त्या मालिकेची ओळख. २०१९ च्या एक एप्रिलला त्यांनी पाळीपाळीच्या लढाईचा व्हिडिओ टाकला, लोक एप्रिल फूल म्हणून हसले, आणि पुढच्या जानेवारीत तसाच गेम बाजारात आला. ड्रॅगन क्वेस्टचा अकरावा भाग तर २०१७ सालीही रांगेत उभा राहून आपली पाळी येण्याची वाट बघतो. मेसेज लिहिणाऱ्याने हे खेळले नसतील तर तसं सांगावं.

पूर्वी ठरावीक जागी, म्हणजे सेव्ह पॉइंटला पोचल्यावरच खेळ सेव्ह करता यायचा, त्या कष्टांचे गोडवे मात्र मी गाणार नाही. दर गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाणाऱ्या गावात राहिलोय मी. पुढचा सेव्ह पॉइंट दोन खोल्यांवर असताना पंखा थांबला की काय होतं, ते ज्याचं त्याला माहीत.

बाणांचा मुद्दा मात्र मेसेजमधला सगळ्यात वजनदार. एल्डर स्क्रोल्स मालिकेतल्या २००२ च्या मॉरोविंडमध्ये पत्ता अगदी पुणेरी पद्धतीने मिळायचा: भिकारदास मारुतीवरून डावीकडे, मग चढ लागेल, तिथे कोणालाही विचारा. क्वचित तो चुकीचाही असायचा, तेही पुणेरीच. त्याच मालिकेच्या २००६ च्या ऑब्लिव्हियनमध्ये होकायंत्रावर कुठे जायचं ते दाखवणारी खूण आली. शिवाय सगळे संवाद आवाजात आले, आणि मला वाटतं खरी मेख इथे आहे. लिहिलेला पत्ता फुकट असतो, बोललेल्या प्रत्येक वाक्याला नट लागतो. म्हणून पुढच्या, २०११ च्या स्कायरिममध्ये खुणेकडे बघायचं नाही असं ठरवलं, तर बऱ्याच कामांत जायचं कुठे हे कोणी सांगतच नाही. खूण दाखवली याची माझी तक्रार नाही, पत्ता सांगणं बंद केलं याची आहे. उलट ड्रॅगन क्वेस्टचा तिसरा भाग २०२४ मध्ये नव्याने आला, त्यात खूण बंद करता येते. गावकऱ्यांची बोलणी मुळातली, त्यामुळे नुसती ती ऐकूनही निभावतं. माझा भाचा तसाच खेळतोय. “मामा, तू सोप्या लेव्हलवर का?” असं परवा त्याने विचारलं. ऑफिस आहे, बाबा.

एका ठिकाणी मात्र मेसेजवाल्यांच्या खाली माझाही अंगठा. पोकेमॉनमध्ये एकाने लढायचं आणि अनुभव सगळ्या टोळीला, ही सोय २०१३ च्या भागात बंद करता यायची. २०१९ च्या सोर्ड आणि शील्डमध्ये ते बटणच काढून टाकलं.