शनिवारच्या जॅम मैफलीवरील आपल्या अभिप्रायास उत्तर

नमस्कार.

आमच्या पुण्यातील खुल्या रंगमंचावर शनिवारी झालेल्या जॅम मैफलीला, म्हणजे ठरलेल्या यादीशिवाय उत्स्फूर्त वाजवणाऱ्या रॉक बँडच्या कार्यक्रमाला, आपण दोन तारे देऊन सविस्तर अभिप्राय लिहिलात, त्याबद्दल आभारी आहोत. आपला विरस झाला याबद्दल आम्ही मनापासून दिलगिरी व्यक्त करतो. पार्किंगची गैरसोय आणि मागच्या रांगांपर्यंत नीट न पोहोचणारा बास हे आपले दोन्ही आक्षेप आम्ही विचारात घेतले असून त्यांवर योग्य तो उपाय लवकरच करू. (बास आम्ही मुद्दामच आवरता ठेवतो, कारण खालच्या पट्टीतला आवाज भिंतींना जुमानत नाही, आणि आमच्या भिंतीपलीकडे लगेच लोकांची घरे आहेत.)

परंतु “मैफल रंगात आली असताना मालकाने वीज तोडली आणि साडेसातशे रुपयांत अर्धाच कार्यक्रम दाखवला” हे जे वाक्य आपण लिहिले आहे, त्याचा खुलासा केल्यावाचून आम्हाला गत्यंतर नाही.

वीज कोणीही तोडली नाही. रात्री १० वाजता ध्वनिक्षेपकाचा आवाज सावकाश खाली आणला गेला, आणि तो २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांना धरून आणला गेला. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सूट आहे ती बंदिस्त सभागृहांना, आणि आमच्या रंगमंचावर पत्र्याचे छप्पर असले तरी तीन बाजू उघड्या आहेत. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते, पण रॉक बँडचा एरवीचा शनिवार त्यात बसत नाही. ज्या शहरात सवाई गंधर्व महोत्सवाच्या पहाटेपर्यंत रंगणाऱ्या मैफलींनाही या मर्यादेपुढे आवरते घ्यावे लागले, तेथे आमच्यासारख्या छोट्या व्यावसायिकाने कोणाच्या बळावर हट्ट धरावा? तक्रार झाली तर परवानगी आमची जाते, श्रोत्यांची नाही.

अमेरिकेत असे बँड उजाडेपर्यंत वाजवतात, असा दाखला आपण दिला आहे. फिश या बँडने ३१ डिसेंबर १९९९ च्या मध्यरात्रीच्या सुमारास सुरू केलेले वादन सूर्योदयापर्यंत चालवले, हे खरे आहे. मात्र ते फ्लोरिडामध्ये, बिग सायप्रस येथील सेमिनोल जमातीच्या राखीव भूमीवर, वस्तीपासून दूर. ती रात्र त्यांच्या चाहत्यांत आजही सांगितली जाते, ती नेहमी तसे घडत नाही म्हणूनच.

आता वेळेविषयी. आपण लिहिता की बँडला सूर सापडायलाच नऊ वाजले आणि शेवटच्या रचनेत गिटारवादक एकाच सुरावटीभोवती घुटमळत राहिला. तिकिटावर सातची वेळ छापलेली होती आणि पहिला सूर सव्वासातच्या आत लागला. आपले तिकीट प्रवेशद्वारावर तपासले गेले ते ८ वाजून २० मिनिटांनी, असे आमची नोंद सांगते. हे येथे मांडताना संकोच वाटतो, पण आपल्या तक्रारीचे मूळच त्यात असल्याने मांडावे लागत आहे. बँडने आरंभीच्या रचनेतील मुख्य धून मुद्दाम अर्धवट सोडली होती आणि मधल्या सगळ्या वादनानंतर ते शेवटी तिच्याकडे परतत होते. एखादी रचना मध्येच सोडून देऊन तासाभराने, दुसऱ्याच तालातून, तिच्यात पुन्हा शिरायचे, ही ग्रेटफुल डेड या जुन्या अमेरिकन रॉक बँडपासून चालत आलेली पद्धत आपल्यासारख्या जाणकाराला आम्ही काय सांगावी! ज्याने सुरुवात ऐकली नाही, त्याला ते परतणे घुटमळण्यासारखे वाटणे स्वाभाविक आहे. पण त्याचा दोष बँडच्या किंवा आमच्या माथी मारणे योग्य नव्हे.

ठरलेली यादी घेऊन वाजवणाऱ्या बँडला शेवटचे गाणे कोणते, हे आधी सांगता येते. येथे वादकांनाही रचना कोठे वळेल हे ठाऊक नसते. आम्ही पावणेदहाला दिव्याने खूण केली होती, नंतर पुन्हा केली. ड्रमरने मान डोलावली आणि त्यांनी धुनीकडे वळायला सुरुवातही केली, पण वळण लांबले आणि दहा वाजले. तो रसभंग आम्हालाही बोचला.

श्रोत्यांनी कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण करण्याची बाब तेवढी स्पष्ट करतो. ग्रेटफुल डेडने १९८४ पासून मुद्रण करणाऱ्या श्रोत्यांसाठी स्वतंत्र जागा राखली, ही माहिती आपण आमच्या ध्वनिसंयोजकाला कार्यक्रम चालू असताना, मिक्सरवर, म्हणजे आवाज जुळवण्याच्या यंत्रावर, वाकून, बराच वेळ दिलीत. ती परवानगी त्या बँडने स्वतः दिलेली होती. शनिवारच्या बँडने ती दिलेली नव्हती, आणि संयोजकाचे लक्ष त्या वेळी मंचाकडे असणे आवश्यक होते.

तिकिटाच्या ७५० रुपयांपैकी सुमारे ११४ रुपये वस्तू व सेवा कराचे आहेत, कारण पाचशेच्या वरच्या तिकिटावर १८ टक्के कर लागतो. उरलेल्यातून बँडचे मानधन, ध्वनियंत्रणेचे भाडे आणि कर्मचाऱ्यांचे पगार निघतात.

बास आणि ड्रम्स यांच्यातील सवाल-जबाबाबद्दल आपण जे सुंदर लिहिले आहे, ते आम्ही वादकांना आवर्जून वाचून दाखवले. यापुढे कार्यक्रम थोडा लवकर सुरू करता येईल का, याचाही विचार चालू आहे. आपले दोन तारे आपण खुशाल ठेवावेत. ‘वीज तोडली’ एवढे शब्द मात्र कृपया दुरुस्त करावेत, कारण पुढच्या महिन्याच्या कार्यक्रमाची चौकशी करणारे लोक हाच अभिप्राय पुढे करून आम्हाला प्रश्न विचारू लागले आहेत.

आपला नम्र,
रंगमंचाचा चालक