हिमगौरीची सख्खी आई

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मजकूर आला. दुसऱ्या दिवशी तोच शेजारच्या काकूंनी पाठवला, मग पुण्याहून आत्याने. त्यात म्हटलंय की परीकथा शेकडो वर्षं जशाच्या तशा चालत आल्या, त्या लहान मुलांसाठीच होत्या आणि निरागस होत्या. आता त्यांत राजकन्या राजपुत्राला नकार देते, लांडगा स्वतःची बाजू मांडतो, सावत्र आई चांगली निघते. हे सगळं आजचं फॅड आहे, यानं मुलं गोंधळतात. ज्यांना नवं सांगायचंय त्यांनी स्वतःची पात्रं घ्यावीत, जुन्या गोष्टींना हात लावू नये.

मी बडोद्याच्या दांडिया बाजारातली. भाचीला रोज रात्री गोष्ट सांगते, जुनीही आणि उलटवलेलीही. त्यामुळे हे वाचून गप्प बसवलं नाही.

'जशाच्या तशा' हे तर अजिबात खरं नाही. जर्मनीतल्या ग्रिम बंधूंचा परीकथांचा संग्रह पहिल्यांदा 1812 मध्ये आला आणि 1857 पर्यंत त्याच्या सात मोठ्या आवृत्त्या निघाल्या. प्रत्येक वेळी गोष्टींवर हात फिरला. 1812 च्या हिमगौरीत तिच्या जिवावर उठलेली बाई सावत्र नाही, तिची सख्खी आई आहे. हान्सेल आणि ग्रेटेल या भावाबहिणीला जंगलात सोडून यायचा हट्ट धरणारीही सख्खीच. आई अशी दाखवणं जड गेलं, म्हणून पुढच्या आवृत्त्यांत दोघींच्या जागी सावत्र आया आल्या. म्हणजे ज्या दुष्ट सावत्र आईला धक्का लागला म्हणून आज ओरड चालू आहे, ती या दोन गोष्टींत स्वतःच नंतरची दुरुस्ती आहे. ग्रिमच्या हिमगौरीला राजपुत्राच्या चुंबनाने जागही येत नाही. शवपेटी वाहून नेताना नोकर अडखळतात, हिसका बसतो आणि घशात अडकलेला सफरचंदाचा तुकडा बाहेर पडतो. चुंबन आपल्या डोक्यात बसलं ते 1937 च्या डिस्नेच्या सिनेमामुळे. बेडूक राजपुत्राचंही तसंच. ग्रिमची राजकन्या बेडकाला उचलून भिंतीवर आपटते, आणि त्यातून राजपुत्र उभा राहतो.

निरागस आणि फक्त मुलांसाठी? शार्ल पेरोने 1697 मध्ये फ्रेंचमध्ये लाल टोपीवाल्या मुलीची गोष्ट छापली. ती लांडग्याच्या पोटात संपते, सोडवायला कुणी येत नाही. शेवटी एक कविता जोडली आहे, ती तरुण मुलींना बजावते की गोड बोलून मागे मागे येणारे लांडगेच सगळ्यांत घातकी. ग्रिमच्या पहिल्या आवृत्तीत अभ्यासकांसाठी टिपा होत्या. हे मुलांच्या हाती देण्यासारखं नाही अशी तक्रार तेव्हाच झाली. खास मुलांसाठी निवडक 50 गोष्टींचं छोटं पुस्तक निघालं ते 1825 मध्ये.

आता बंडखोर मुलगी. याच लाल टोपीची एक तोंडी चालत आलेली गोष्ट फ्रान्सच्या खेड्यांत एकोणिसाव्या शतकात टिपून घेतली गेली. त्यात मुलगी आजीच्या बिछान्यातल्या लांडग्याला सांगते, मला परसाकडे जायचंय. तो तिच्या पायाला दोरी बांधून सोडतो. ती दोरी अंगणातल्या झाडाला बांधते आणि धूम ठोकते. लाकूडतोड्याची गरजच पडत नाही. आणि एवढं लांब तरी कशाला जायचं? आपली म्हातारी घ्या. वाटेत वाघ भेटतो, ती सांगते, लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, लठ्ठ होईन, मग मला खा. परतताना भोपळ्यात बसून 'चल रे भोपळ्या टुणुक टुणुक' म्हणत त्याच्या नाकासमोरून निघून जाते. पाठीचा कणा वाकलेली एकटी बाई जंगलाला फसवते, आणि ही गोष्ट आपल्या आज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या अगदी साधी म्हणून सांगितली. मला तर ती जगातल्या कुठल्याही परीकथेइतकीच धीट वाटते.

'स्वतःची पात्रं घ्या' म्हणणाऱ्यांना मी आमच्या गावातलंच उदाहरण देते. वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती इथल्या प्राच्यविद्या मंदिरात तयार झाली, 1960 ते 1975 मध्ये सातही कांडं छापून आली. देशभरातली हस्तलिखितं जुळवून पाठ ठरवला गेला, आणि वेगळे पाठ टाकून न देता पानाखाली दिले गेले. इतक्या पूज्य ग्रंथालाही एकच एक मुखडा नाही. जात्यावर बसलेल्या बायांनी ओव्यांत सीतेचा वनवास गायला तो तिच्या बाजूने. त्यांनी वेगळी नायिका शोधली नाही. सीता त्यांची होती, म्हणून तिचं दुःख त्यांनी आपल्या तोंडून सांगितलं.

एक गोष्ट मात्र त्या मजकुराला मी देऊन टाकते. काही नव्या गोष्टी खरंच वाईट असतात. राजकन्येच्या हातात तलवार दिली की काम झालं, असं समजून लिहिलेल्या. आणि जुनी गोष्ट ठाऊक नसलेल्या मुलाला उलटवलेली गोष्ट दिली तर त्याला त्यातली गंमत कळत नाही. म्हणून माझ्याकडे क्रम ठरलेला आहे, आधी जुनी, आणि ती पाठ झाल्याशिवाय दुसरी नाही.

राहिला गोंधळ. बडोद्यातल्या मराठी घरातलं मूल दोन चिमण्यांबरोबर वाढतं. घरात मेणाच्या घरातली चिमणी, जी पावसात भिजणाऱ्या कावळ्याला 'थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालू दे' म्हणत दाराबाहेर ठेवते. शेजारच्या गुजराती आजी, म्हणजे बा, त्यांच्याकडे 'एक हतो चको ने एक हती चकी', एक चिमणा नि एक चिमणी. चकी तांदळाचा दाणा आणते, चको मुगाचा, दोघांची खिचडी शिजते आणि चकी पाण्याला गेली की चको सगळी फस्त करतो. एकीकडे चिमणी दार लावते, दुसरीकडे चिमणीच फसते. माझी पाच वर्षांची भाची दोन्ही ऐकते. कुठली खरी, असं तिने कधी विचारलेलं नाही.

परवा चिमणीने तिसऱ्यांदा 'थांब' म्हटल्यावर तिनेच मला थांबवलं. कावळ्याचं घर वाहून गेलंय, तो भिजतोय, आणि ही नुसती काजळ लावत बसलीय, म्हणाली. मग काय करायचं, मी विचारलं. ती जरा वेळ भिंतीकडे बघत राहिली, बांच्या घराची भिंत ती.

मग म्हणाली, "कावळा चकीकडे जातो. तिला सांगतो, तू पाण्याला जा, खिचडीवर मी लक्ष ठेवतो."