शेत पडीक ठेवण्याचे शास्त्र

शेत पडीक ठेवणे हे आळशी माणसाचे काम नाही. नुसते घरी बसून राहिलात, तर दुसऱ्या पावसात शेजारी नांगर घालेल आणि तिसऱ्या वर्षी जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर कूळ म्हणून नाव लावायला मामलेदाराकडे जाईल. 1964 चा कूळ कायदा गोव्यात अजून लोकांच्या स्वप्नात येतो. तेव्हा पडीक ठेवायचे तर अभ्यास करून ठेवावे.

तुमचे शेत खाजनात असेल तर तुम्ही नशीबवान; निम्मे काम नदीच करते. मांडवी-जुवारीसारख्या नद्यांच्या काठची ही 17-18 हजार हेक्टर जमीन मुळात खाडीची. पूर्वजांनी चिखल-दगडाचे बांध घालून ती भरतीच्या तावडीतून सोडवली. बांधात मानस, म्हणजे पाणी सोडण्या-अडवण्याची मोरी. तिची लाकडी दारे मी लहानपणी तासन्‌तास बघत बसायचो. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या रेट्याने ती नदीकडे उघडतात आणि शेतातले पाणी निघून जाते. भरती चढू लागली की नदीचेच पाणी त्यांना लोटून बंद करते. फटीतून एक बारीक धार तेवढी आत येत राहते. ना मोटर, ना वीज, ना ऑपरेटर. आजोबा म्हणायचे, ‘मानशीचं दार माणसापेक्षा शहाणं. कधी उघडायचं ते त्याला सांगावं लागत नाही.’

आधी या शहाण्या दाराचा बंदोबस्त करा. मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव होतोच. सर्वांत चढी बोली ज्याची त्याला ती द्या आणि पुढे चौकशी करू नका. कोळंबीला खारे पाणी चालते, भाताला चालत नाही, आणि ठेकेदाराला हिशेब येतो. दारे नेमकी नको तेव्हा अडकू लागतात. खाऱ्या जमिनीतही तग धरणारा कोरगूट भातसुद्धा काही वर्षांत हात टेकतो. मग बांधाला भगदाड पडते. पडू द्या. पूर्वी गावकरी, म्हणजे कोमुनिदाद ही गावाची सामाईक जमीन बघणारी संस्था, बांध सांभाळायची आणि रात्रीबेरात्री कंदील घेऊन माणसे धावायची. आता कोमुनिदाद म्हणते शेते कुळांची, कुळांची संघटना म्हणते बांध सरकारचा, सरकार म्हणते अर्ज द्या. अर्ज पावसाळा संपल्यावर द्यावा. एकदोन वर्षांत तिथे खारफुटी उभी राहते, आणि खारफुटी तोडणे गुन्हा आहे. इथून पुढे तुमचे शेत पडीक ठेवण्याची जबाबदारी कायद्याने घेतलेली असते, तुम्ही सुटलात.

सत्तरी-सांगेच्या वाचकांना जरा जास्त कष्ट, कारण तिकडे धरणे आहेत. साळावली धरणासाठी कुर्डी गावाने घरे, देवळे, शेते पाण्याखाली दिली. मोगूबाई कुर्डीकरांचे हे गाव मे महिन्यात पाणी उतरले की वर येते आणि लोक फोटो काढायला जातात. मीही काढलेत. त्या वेळी कालव्याचे पाणी कुठवर पोचले, असे कुणाला विचारू नये. कालवा आला म्हणजे वायंगणाचे, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या भाताचे, पीक काढलेच पाहिजे, असाही एक जुनाट समज आहे. कालवा संध्याकाळी फिरायला उत्तम.

म्हादई नदीच्या पाण्याबद्दल मात्र आवाज खणखणीत हवा. 2018 च्या लवादाने गोव्याला 24, कर्नाटकाला 13.42 आणि महाराष्ट्राला 1.33 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिले, हे आकडे तोंडपाठ असू द्या. सभेत ‘म्हादई आमची माय’ म्हणा आणि परत येताना सरकारी हॉर्टिकल्चर महामंडळाच्या गाड्यावरून बेळगावचा कोबी घ्या. किलोभर तांदूळ पिकवायला दोन-अडीच हजार लिटर पाणी लागते; कोबीला पुष्कळ कमी, पण लागतेच. ते पाणी आपण रोज पिशवीत भरून, पैसे मोजून, चोर्ला घाट उतरवून आणतो. थोडक्यात, कर्नाटकाने पाणी वळवायचे नाही आणि भाजी मात्र सकाळी सातला म्हापशात पोचवायची. (म्हादई वाचलीच पाहिजे, याबद्दल माझे दुमत नाही. वाचल्यावर तिने काय भिजवायचे, एवढेच कुणी सांगत नाही.)

घाटात दरड कोसळली तर काय खाणार, असे घरातले कुणी म्हातारे विचारील. त्याला व्यापाराचे तत्त्व समजावून सांगा: स्वस्त मिळते ते विकत घ्यावे, आपल्याला जमते ते आपण करावे. आपल्याला भाड्याच्या खोल्या जमतात. दाखले हवेत तर जगात भरपूर आहेत. हैतीने 1995 मध्ये तांदळावरचा आयात कर 3 टक्क्यांवर आणला, अमेरिकेचा स्वस्त तांदूळ आला आणि तिथला भातशेतकरी शेतीतून उठला. पुढे 2010 मध्ये बिल क्लिंटन यांनी ती चूक होती म्हणून जाहीर कबुली दिली. कबुलीची पेज होत नाही, पण मोठ्या माणसाने दिली हे महत्त्वाचे. फिलिपिन्स तर त्याहून सोयीचा. भाताची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था 1960 पासून त्यांच्याच घरात, लॉस बान्योसला. आणि 2008 मध्ये जगात सर्वांत जास्त तांदूळ बाहेरून घेणाराही तोच देश. त्या वेळी भारताने, व्हिएतनामने निर्यात आवळली, थाई तांदूळ काही महिन्यांत टनाला हजार डॉलरच्या आसपास गेला आणि मनिलात सरकारी तांदळासाठी रांगा लागल्या. जुलै 2023 मध्ये आपण पुन्हा बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली. आधी आपले लोक, मग गिऱ्हाईक, असे आपणच म्हणालो आणि त्यात काही वावगे नव्हते. बेळगाव आपल्याशी असे कधीच वागणार नाही. बेळगावशी आपले प्रेमाचे संबंध आहेत.

राहता राहिला नकाशाचा रंग. भातशेती बिगर-शेतकऱ्याला विकायला बंदी करणारा कायदा 2023 साली आला, आणि त्याच वर्षी नगरनियोजन कायद्यात 17(2) हे कलमही आले, ज्याखाली आराखड्यातली चूक दुरुस्त करून मागता येऊ लागली. हिरवा, म्हणजे शेतीचा, रंग ही चूकच. प्रकरण कोर्टात गेले, ते जाऊ द्या. तोवर उताऱ्यावरच्या सतरा वारसांची जुळवाजुळव करा. त्यातला एक लंडनला, एक मस्कतला, आणि वास्कोत राहणारा सर्वांत अवघड.

एवढे केलेत की झालेच. एक खबरदारी घ्या. चवथीत नव्याला, म्हणजे नव्या भाताच्या पूजेला, देवापुढे भाताची कणसे लागतात आणि दाराला बांधायलाही लागतात. ती आदल्या दिवशी सकाळीच बाजारातून आणावीत. मागच्या वर्षी मी दुपारी गेलो, तर टोपलीत चारच जुड्या उरलेल्या. वीस रुपयांना एक. सहा-सात कणसे, सुतळीने बांधलेली, अर्धी पोचट. कुठल्या शेतातली, म्हणून मी सहज विचारले.

बाईने नोट कनवटीला खोचली. ‘घाटावरची, बाब. दोन घे, पस्तीसला देते.’