‘फुल पॅक घ्या, काही होत नाही’: होतं, आणि त्याची गरजही नाही

जळगाव, धुळे, भुसावळकडच्या नेटवर्किंग शिकणाऱ्या मुलांच्या ग्रुपांवर एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचं सार असं: सीसीएनए-सीसीएनपी या सिस्को कंपनीच्या परीक्षांसाठी ईव्ह-एनजीचा (संगणकातच नेटवर्कची लॅब उभी करणारं सॉफ्टवेअर) ‘फुल पॅक’ घ्या, सगळ्या कंपन्यांच्या राउटर इमेज (राउटरच्या सॉफ्टवेअरच्या फाइली) आत आहेत. या इमेज सरळ मार्गाने फुकट मिळत नाहीत. सगळं व्हर्च्युअल मशीनमध्ये (लॅपटॉपच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकात) चालतं, त्यामुळे लॅपटॉपला धोका नाही. एमडी5 (फाइलवरून काढलेली ओळखखूण, म्हणजे हॅश) सोबत दिला आहे, जुळवून बघा. आणि शिकण्यासाठी वापरलं तर कायदा आडवा येत नाही.

दिवसाला दीड-दोन जीबी डेटा मिळणाऱ्या पोराला एवढा पॅक उतरवणं जमत नाही. म्हणून तो हार्ड डिस्कवरून एका क्लासमधून दुसऱ्या क्लासमध्ये जातो. मूळ कुणी बनवला, मधे कुणी उघडला, हे शेवटच्या मुलाला कळायला काहीच मार्ग नसतो.

आधी ‘फुकट मिळत नाहीत’ हे घेऊ, कारण बाकीचा सगळा मेसेज त्यावर उभा आहे. एकेकाळी त्यात बरंच तथ्य होतं. जीएनएस3 (असंच दुसरं लॅब सॉफ्टवेअर) काय किंवा ईव्ह-एनजी काय, दोन्ही सिस्कोची इमेज सोबत देत नाहीत. ती तुमची तुम्ही आणायची, आणि सपोर्ट करार नसलेल्या विद्यार्थ्याला ती फुकट आणायला जागा नव्हती. आज तसं नाही. सिस्को मॉडेलिंग लॅब्स या सिस्कोच्याच लॅब सॉफ्टवेअरची 2.8 पासून मोफत आवृत्ती आहे. सिस्कोचं खातं उघडायचं आणि उतरवून घ्यायची. एका वेळी 5 नोड (लॅबमधली उपकरणं) चालतात. तीन राउटर, दोन स्विच एवढ्यात व्हीलॅन, ट्रंक, एका एरियाचं ओएसपीएफ, एसीएल, नॅट हे सगळं बसतं. सीसीएनएचा मोठा भाग तिथेच होतो.

ज्युनिपर या दुसऱ्या कंपनीचं शिकायचं असेल तर ती व्हीज्युनॉस-स्विच आणि व्हीज्युनॉस-राउटर हे आभासी स्विच-राउटर लॅबसाठी मोफत देते. नोकियाच्या एसआर लिनक्स या राउटर सॉफ्टवेअरची कंटेनर इमेज (व्हर्च्युअल मशीनपेक्षा हलक्या रूपात चालणारी) नोंदणीशिवाय मिळते. अरिस्टाची सीईओएस-लॅब खातं उघडल्यावर मिळते. मिक्रोटिकचं सीएचआर फुकट चालवलं तर प्रत्येक इंटरफेसवर 1 एमबीपीएसची मर्यादा येते, पण राउटिंग शिकायला वेग लागतो कशाला? व्हायओएसची रोलिंग आवृत्ती खुली आहे. एफआरआर हे राउटिंगचं सॉफ्टवेअर तर पूर्ण मुक्त स्रोत आहे, आणि त्याच्या व्हीटीवायएसएच या कमांड लिहायच्या जागेत टाइप करताना सिस्कोवर सराव केलेल्या हाताला फारसं वेगळं वाटत नाही.

खरी अडचण पैशाची नाही, रॅमची आहे, आणि ती मान्य करायला हवी. आपल्याकडच्या बहुतेक मुलांचा लॅपटॉप 8 जीबीचा असतो. मॉडेलिंग लॅब्सच्या मशीनलाच 8 जीबी द्यावे लागतात, एकटा व्हीज्युनॉस-स्विच 5 जीबी मागतो. अशा लॅपटॉपवर लिनक्स टाकून कंटेनरलॅब (कंटेनरमध्ये लॅब उभी करणारं साधन) आणि एफआरआर घ्या. एकेक राउटर थोड्याशा मेमरीत उभा राहतो आणि दहा राउटरचं बीजीपी (राउटिंगचा एक प्रोटोकॉल) आरामात चालतं. सिस्कोच्या कमांड हव्या असतील तर पॅकेट ट्रेसर आहे. ते खरं आयओएस (सिस्कोच्या राउटरची ऑपरेटिंग सिस्टिम) नाही, नक्कल आहे, पण सुरुवातीला पुरतं. सिस्को डेव्हनेटचे सँडबॉक्स (तयार सराव-लॅब) इंटरनेटवरून वापरता येतात, तिथे तुमच्या रॅमचा प्रश्नच येत नाही. शिवाय फुल पॅकमधले जड राउटरही 8 जीबीत चालत नाहीतच. म्हणजे पॅक घेऊनही अडचण सुटत नाही.

‘व्हर्च्युअल मशीनमध्ये चालतं, धोका नाही.’ सगळ्यात जास्त नुकसान करणारं वाक्य हे आहे. पहिलं म्हणजे, पॅकमध्ये नुसत्या राउटरच्या इमेज नसतात. एक पूर्ण तयार लिनक्स मशीन असतं, ज्याचा रूट (पूर्ण ताबा असलेलं खातं) दुसऱ्या कुणाच्या तरी हातून गेलेला आहे. सोबत लायसन्स तयार करणारी स्क्रिप्ट येते, विंडोजवर चालवायचा सेटअप येतो, आणि बरेचदा ‘आधी अँटीव्हायरस बंद करा’ अशी सूचनाही. तो सेटअप व्हर्च्युअल मशीनमध्ये नाही, थेट तुमच्या विंडोजवर चालतो.

दुसरं, मशीन बंदिस्त असलं तरी त्याचं नेटवर्क बंदिस्त नसतं. ब्रिज मोड लावला की ते क्लासच्या किंवा घरच्या वाय-फायवर इतरांच्या शेजारी जाऊन बसतं, आणि राउटरचं कामच मुळी पॅकेट बघणं आणि पुढे पाठवणं आहे. इमेज स्वच्छ असली तरी लॅबमधला डीएचसीपी सर्व्हर ब्रिजमधून बाहेर आला की अख्ख्या क्लासला चुकीचे पत्ते वाटले जातात. म्हणून कुठलीही नवी इमेज आधी होस्ट-ओन्ली (फक्त तुमच्या लॅपटॉपपुरत्या) नेटवर्कवर चालवा. इंटरनेट लागलंच तर तेवढ्यापुरतं नॅट (लॅपटॉपच्या आडून बाहेर जाणारी जोडणी) द्या. ईव्ह-एनजीचा मूळ पासवर्ड सगळ्या जगाला ठाऊक आहे, तो पहिल्याच दिवशी बदला.

तिसरं, व्हर्च्युअल मशीनची भिंत अभेद्य नसते. 2015 साली सापडलेल्या व्हेनम नावाच्या त्रुटीत क्यूईएमयू या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या फ्लॉपी कंट्रोलरमधून गेस्टमधला (आतल्या मशीनमधला) माणूस होस्टपर्यंत (बाहेरच्या मूळ संगणकापर्यंत) पोचू शकत होता. ईव्ह-एनजी याच क्यूईएमयूवर चालतं. असं रोज घडत नाही, पण होस्ट अद्ययावत ठेवायला हे कारण पुरेसं आहे. राउटरच्या इमेजमध्ये कोण कशाला काही घालेल, असं वाटत असेल तर त्याच वर्षीचा सप्टेंबर आठवा. सिनफुल नॉक नावाचं प्रकरण उघड झालं. बदललेली आयओएस इमेज घातलेले 14 सिस्को राउटर युक्रेन, फिलिपाइन्स, मेक्सिको आणि भारतात सापडले. ते खरे, कामावर असलेले राउटर होते. आयओएस इमेजमध्ये चोरवाट बसवता येते, हे त्या दिवसानंतर वादाचं राहिलं नाही.

एमडी5 जुळवून काय कळतं? पाठवणाऱ्याकडची फाइल आणि तुमच्याकडची फाइल एकच आहे, एवढंच. रावेरचा शेतकरी केळीची गाडी व्यापाऱ्याच्याच काट्यावर तोलून समाधानी होत नाही. हॅश कंपनीच्या डाउनलोड पानावरून घ्यायचा, आणि एसएचए-512 हा जास्त पक्का हॅश घ्यायचा. एमडी5मध्ये दोन वेगळ्या फाइलींचा एकच हॅश तयार करता येतो, हे 2004 पासून माहीत आहे. आणखी एक गोष्ट क्लासमध्ये सहसा कुणी सांगत नाही. पॅकमधल्या बऱ्याच इमेज मूळ स्वरूपातून क्यूकाऊ2 या क्यूईएमयूच्या डिस्क-फाइलच्या प्रकारात बदललेल्या असतात. बदललेल्या फाइलचा हॅश कंपनीच्या हॅशशी कधीच जुळणार नाही, म्हणजे ती तपासण्याचा मार्गच संपलेला असतो. मूळ फाइल आणा, हॅश जुळवा, मग स्वतः बदला.

कायद्याचं थोडक्यात. 1957च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 63बी संगणक प्रोग्रामची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरण्याबद्दलच आहे: 7 दिवस ते 3 वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड. फायद्यासाठी किंवा धंद्यात वापर नसेल तर न्यायालय कैद टाळून 50 हजारांपर्यंत दंडावर भागवू शकतं. म्हणजे विद्यार्थ्याला सवलत मिळू शकते, माफी नाही. फी घेऊन पॅक वाटणाऱ्या क्लासला तर ती सवलतही मागता येणार नाही. कंपनीने विक्री थांबवलेल्या जुन्या राउटरचं आयओएसही त्यामुळे फुकट होत नाही.

पॅक आधीच टाकून झाला असेल तर घाबरू नका, पण हे आज करा. त्या व्हर्च्युअल मशीनचं नेटवर्क तोडा. स्वतः लिहिलेली कॉन्फिगरेशन साध्या मजकुराच्या फाइलीत काढून घ्या. ती कुठल्याही स्वच्छ लॅबमध्ये पुन्हा चालते. मग ते व्हर्च्युअल मशीन पुसून टाका. सोबतचा सेटअप किंवा लायसन्सची स्क्रिप्ट विंडोजवर चालवली असेल तर तो लॅपटॉप फॉरमॅट करा, आणि ईमेल, बँक, यूपीआयचे पासवर्ड व पिन त्या लॅपटॉपवरून नाही, फोनवरून बदला. हार्ड डिस्क ज्याच्याकडून आली आणि पुढे ज्याला दिली, त्या दोघांनाही सांगा.