शेवटच्या बाकावरून पुढे कसे यावे

नम्र व्हायचे मनात घेतले असेल, तर आधी बसायची जागा नीट निवडा. लूकच्या शुभवर्तमानाच्या १४व्या अध्यायात प्रभूने हे सांगूनच ठेवले आहे. मेजवानीला गेलात तर मानाच्या जागी बसू नका, शेवटच्या जागी बसा. मग यजमान येऊन म्हणेल, 'मित्रा, असा वर ये', आणि पंगतीदेखत तुमचा मान होईल. आमच्या गोव्यातल्या बार्देश तालुक्यात हे वचन पुष्कळांना पाठ आहे, विशेषतः उत्तरार्ध. तेव्हा लग्नाच्या हॉलमध्ये शिरताच शेवटचे टेबल गाठा, पण खांबामागचे नको. खांबामागे बसलेल्या नम्र माणसाला आजवर कोणी वर बोलावलेले नाही. नवऱ्यामुलाच्या बापाच्या नजरेत येईल असे बसा. सावद उचलायची, म्हणजे वधूवरांच्या नावाने पेला उंचावायची, वेळ झाली तरी कोणी बोलवायला आले नाही, तर हात धुण्याच्या निमित्ताने त्याच्या समोरून एकदा जाऊन या.

हे जमले की फेस्ताकडे, म्हणजे चर्चच्या सणाकडे, वळायला हरकत नाही. नम्रतेचा खरा कस लागतो तो तिथे. फेस्ताचा प्रेसिदेंत कोण, हा प्रश्न निघाला की लगेच 'मी तयार' म्हणू नका. 'माझी काय योग्यता' असे दोनदा म्हणा. तिसऱ्यांदा म्हणू नका, कारण योग्यता नसलेला दुसरा कोणीतरी शेजारीच बसलेला असतो आणि तो एकदाच म्हणून मोकळा होतो. पद मिळाले की खर्च सढळ हाताने करावा. बँड म्हापशाचा आणावा. दारूकाम असे असावे की पलीकडच्या वाड्यातली कुत्री रात्रभर पलंगाखालून बाहेर येऊ नयेत.

उजवा हात काय देतो ते डाव्या हाताला कळू देऊ नका, असे मत्तयाच्या ६व्या अध्यायात आहे. तिथे बंदी फक्त डाव्या हातावर आहे. गावाला, मुंबईच्या कुडातल्या, म्हणजे गावाच्या क्लबातल्या, मंडळींना आणि आखातातल्या भावाला कळायला काहीच आडकाठी नाही. चर्चला पंखा देणार असाल तर पात्यावर नाव घालू नका. पंखा फिरू लागला की नाव दिसेनासे होते आणि सगळे दान वाऱ्यावर जाते. बाक द्या. बाकाच्या पाठीवर कोरलेले नाव मागच्या रांगेतल्या माणसाला सेर्मांव, म्हणजे पाद्रीचे प्रवचन, चालू असताना पुनःपुन्हा वाचावेच लागते, त्याला दुसरे करण्यासारखे काही नसते. आमच्या हिंदू शेजाऱ्यांनी यात आणखी पुढची पायरी गाठली आहे, आणि ती खरोखरच पायरी आहे: देवळाच्या पायऱ्यांवर दात्यांची नावे असतात आणि सारा गाव त्यांवरून चालत जातो. इतकी लीनता आपल्याला झेपणार नाही. आपण बाकावरच थांबावे.

मिरवणुकीचा विषय नाजूक आहे. पांढऱ्या झग्यावर कॉन्फ्रारियाची, म्हणजे चर्चच्या भक्तमंडळाची, केप चढवली की माणूस ख्रिस्ताचा सेवक होतो. मात्र सेवकांतही लाल केपवाले कोण आणि निळ्या केपवाले कोण, हे काही गावांत बाप्तिस्म्याच्या बरेच आधी ठरलेले असते. बामण, चार्डो, सुदिर हे जातीचे शब्द आता कोणी मोठ्याने उच्चारत नाही. केप असल्यावर उच्चारायची गरजही पडत नाही. मिरवणुकीतल्या छत्राचा तुमच्या हक्काचा खांब दुसऱ्या कोणी धरला, तर वाट अडवून भांडू नका. नम्रपणे वकील गाठा. 'ख्रिस्तात सर्व समान' हे वाक्य अर्जात कुठे येणार नाही एवढी खबरदारी घ्या, विरुद्ध पक्षाचा वकील नेमके तेच उचलतो. देवस्थानाच्या महाजनांना यातले काही समजावून सांगायला नको. पालखीला खांदा कोणाचा आणि पहिला नारळ कोणाचा, यावर त्यांचेही कागद कोर्टात पिवळे पडले आहेत. सर्वधर्मसमभाव तो हाच.

आता आज्ञापालन. हा गुण दुसऱ्याच्या अंगी शोभून दिसतो. त्यासाठी दोन वचने खिशात ठेवा. रोमकरांस पत्राच्या १३व्या अध्यायात वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या अधीन राहावे असे आहे, ते मुंडकारासाठी, म्हणजे तुमच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्यासाठी. प्रेषितांच्या कृत्यांत, ५व्या अध्यायाच्या २९व्या वचनात, पेत्र म्हणतो की माणसांपेक्षा देवाची आज्ञा पाळली पाहिजे. ते भाटकारासाठी, जमीनमालकासाठी, म्हणजे तुमच्यासाठी. पंचायतीची नोटीस आली की दुसरे काढायचे, मुंडकाराने १९७५च्या मुंडकार संरक्षण कायद्याचे नाव काढले की पहिले. विगाराच्या, म्हणजे गावच्या मुख्य पाद्रीच्या, बदलीलाही हेच लागू पडते. नावडत्या विगाराची बदली झाली तर बिशपची आज्ञा ती देवाची आज्ञा. आवडत्याची झाली तर सह्यांचा कागद घेऊन दोन बसगाड्यांनी पणजीला आल्तिनोवर, बिशपच्या दारी, जायचे.

घरात हाच न्याय थोड्या मृदू आवाजात चालवावा. इफिसकरांस पत्राच्या ५व्या अध्यायातले २२वे वचन, स्त्रियांनो पतीच्या अधीन असा, हे नवऱ्यांना चष्म्याशिवाय वाचता येते. २१वे, एकमेकांच्या अधीन असा, त्याच्या अगदी वर आहे, पण तिथे अक्षर बारीक असावे. २५व्यात ख्रिस्ताने मंडळीसाठी जसा स्वतःचा जीव दिला तशी बायकोवर प्रीती करावी असे आहे. तिथे पोचेपर्यंत जेवणाची वेळ होते. जेवण वाढणारी बाई बेळगावकडची असते. तिचे ताट आणि पेला वेगळा ठेवावा, आणि कोणी विचारलेच तर त्याला स्वच्छता म्हणावे.

आज्ञाधारकतेचा आपल्याकडचा इतिहास तर फारच थोर आहे. वरिष्ठांनी प्रेतासारखे हवे तिकडे न्यावे आणि आपण जावे, असे येशूसंघाचा संस्थापक संत इग्नास याच्या नियमावलीत लिहिले आहे. गोंयचो सायब, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियर, हे अक्षरशः जगले. सोबत्यांच्या पत्रांतल्या सह्या कापून ते गळ्यात बाळगीत. ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर त्यांनी प्राण सोडला. रोमला त्याचा पत्ताच नव्हता, आणि १५५३च्या जूनमध्ये इग्नासने त्यांना युरोपात परत येण्याचा हुकूम लिहिला. देह १५५४ साली गोव्यात आला. पुढे १६१४ मध्ये वरून आज्ञा आली तेव्हा उजव्या हाताचा कोपराखालचा भाग रोमला गेला. इतके आज्ञापालन आपल्याकडून कोणी मागत नाही. आपल्याला शवप्रदर्शनाला से कॅथेड्रलमध्ये फक्त रांगेत उभे राहायचे असते. २०२४च्या नोव्हेंबरपासून २०२५च्या जानेवारीपर्यंत शवप्रदर्शन होते, तेव्हा आपल्यातल्या किती जणांनी ओळखीच्या पाद्रीबाबाला फोन लावला, ते आठवा. पुढचे दहा वर्षांनी. नंबर तेवढा सांभाळून ठेवा.

आज्ञा पाळून बढती मिळते असे समजणाऱ्यांनी कांदोळीची आठवण ठेवावी. गोव्यातले दोन पाद्री लिस्बनपर्यंत जाऊन आले, आम्हालाही बिशपपद मिळावे म्हणून. शिक्षण होते, भक्ती होती, कातडी तेवढी गोरी नव्हती. हात हलवत परतले आणि १७८७ साली तिथल्या पिंटोंच्या घरी पोर्तुगीजांविरुद्ध बंडाचा कट शिजला. तो फुटला. फाशी पंधरा जणांना झाली, त्यात पाद्री एकही नव्हता. पाद्रींना लिस्बनला नेऊन कोंडले. यावरून एवढेच शिकावे की हुकूम मोडायचाच असेल तर झगा घालून मोडावा.

संत जुझे वाझ यांचे नाव मुलाला ठेवायला हरकत नाही. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिसनी त्यांना कोलंबोत संत जाहीर केले, तेव्हापासून नाव चालते आहे. नावापुढे मात्र जाऊ नका. बाणावलीला जन्मलेला हा माणूस १६८७ साली डचांच्या सिलोनमध्ये मजुराच्या वेशात शिरला, कारण कॅथलिक पाद्र्याला तिथे मज्जाव होता. पुढे कँडीत देवीची साथ आली तेव्हा लोकांनी टाकून दिलेल्या रोग्यांजवळ हाच बसला. फेस्तात त्याच्या पुतळ्याला हार घालावा. त्याच्यासारखा कोणी मळक्या कपड्यांत दाराशी आला, तर आधी गेटवरच्या कॅमेऱ्यात बघावे.

शेवटी पवित्र गुरुवार. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले त्याच्या स्मरणार्थ पाद्रीबाब बारा जणांचे पाय धुतात. २०१६पासून बायकांचेही धुता येतात, त्यामुळे स्पर्धा वाढली आहे. नाव आधीच देऊन ठेवा. आदल्या रात्री पाय साबणाने घासून घ्या, नखे कापा, भेगांना व्हॅसलीन चोळा. धुण्यासारखे काही शिल्लक राहता कामा नये, लोक काय म्हणतील? पाद्रीबाब बहुधा उजवाच पाय धुतात. डाव्या पायातला बूट काढू नका. मिसा, म्हणजे उपासना, संपली की पवित्र साक्रामेंतासमोर, म्हणजे आशीर्वादित भाकरीसमोर, रात्रीचे जागरण असते आणि प्रत्येक वाड्याला एकेक तास नेमून दिलेला असतो. यादीवर कोणाची नजर जायच्या आत एका बुटाने गाडीपर्यंत सहज पोचता येते. दुसरा गाडीत घालावा.