कूलंटात तवंग दिसला की लगेच हेड उतरवायचं? काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, कूलंटात, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्यात, ऑइलचा तवंग दिसला तर हेड (इंजिनाचं वरचं झाकण) उतरवण्याआधी ऑइल गार करणारा कूलर तपासा, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, खोटं कशाला बोलू. "३० वर्षं टेम्पो-ट्रकची इंजिनं खोलतोय, कूलंटात ऑइल म्हणजे हेड गॅस्केट, तुम्ही कूलर-बिलर सांगून लोकांचे चार दिवस फुकट घालवता आणि वर होस पाइप बदलायला लावून खर्चात पाडता" असं तुम्ही लिहिलंत. (हेड गॅस्केट म्हणजे हेड आणि खालचं इंजिन यांच्या मधलं पॅकिंग, सिलिंडरचा धूर, ऑइल आणि पाणी वेगवेगळं ठेवणारं.) दुसऱ्यांदा वाचल्यावर कळलं की यात एका जागी तुम्ही बरोबर आहात आणि मी चुकलोय. त्यावर येतोच, पण आधी माझ्या गाडीचं सांगतो, लेखात ते मी घाईत उरकलं होतं.

अणुस्कुरा घाट चढून कोल्हापूरला जाऊन आलो, दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन गार असताना कूलंटच्या बाटलीचं झाकण उघडलं तर आतून चहावर साय धरते तसा चॉकलेटी थर. बोटावर घेऊन चोळला तर बुळबुळीत, नळाखाली धरला तरी जाईना, शेवटी भांड्याच्या साबणाने गेला. डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) ऑइल काळंकुट्ट, डिझेलचं असतं तसंच, पाण्याचा मागमूस नाही, फक्त लेव्हल बरीच खाली. गॅरेजवाला लांबूनच बघून म्हणाला, हेड खोलूया. अगदी तुमच्यासारखं.

मला डिपस्टिक खटकली. इंजिन चालू असताना ऑइलचं प्रेशर साधारण ३-४ बार, कूलंटचं १ ते १.५ बारच्या वर झाकण जाऊच देत नाही, म्हणजे प्रेशरचं ऑइल आणि पाणी यांच्या मधली भिंत फुटली तर ऑइलच पाण्यात घुसणार. गाडी बंद केली की उलटं होतं, ऑइलचं प्रेशर लगेच शून्य आणि गरम कूलंटचं मात्र बराच वेळ टिकतं, तेव्हा थोडं पाणी ऑइलात उतरू शकतं, म्हणून डिपस्टिक रात्रभर गाडी उभी राहिल्यावर बघायची. आणि ही भिंत काय फक्त गॅस्केटात नसते, ऑइल कूलरमध्ये तर पातळ पत्र्याच्या एका अंगाला ऑइल आणि दुसऱ्या अंगाला कूलंट.

मग निळ्या पाण्याची टेस्ट केली. बाटलीच्या तोंडाशी निळं पाणी भरलेली नळी लावून आतली हवा त्यातून ओढायची, सिलिंडरचा धूर कूलंटात येत असेल तर रंग बदलतो. माझा निळाच राहिला. आणि लेखात मी ठोकून दिलं की "रंग बदलला नाही म्हणजे गॅस्केट ठणठणीत". हीच ती चूक. वर हेडकडे जाणारं ऑइलचं भोक आणि शेजारचं पाण्याचं भोक, यांच्या मधलाच गॅस्केटचा तुकडा गेला असेल तर धूर पाण्यात येतच नाही, निळं निळंच राहतं, कम्प्रेशनही झकास येतं, आणि तरी बाटलीत तवंग. ज्या टेम्पोत गॅस्केटच गेलेलं निघालं असं तुम्ही लिहिलंय, त्याचं असंच असणार. ते वाक्य लेखातून काढून टाकलंय.

पण म्हणून पहिल्यांदा हेडच का उतरवायचं? माझ्या गाडीत कूलर बाहेरच्या बाजूला आहे, चार बोल्ट आणि दोन पाइप. काढला, ऑइलचं एक भोक रबराने बंद केलं, दुसऱ्यातून कॉम्प्रेसरची हवा सोडली आणि पंक्चरवाला ट्यूब बुडवतो तसा पाण्याच्या घमेल्यात बुडवला. पाण्याच्या बाजूच्या तोंडातून बुडबुडे, बारीक पण सलग. सगळं मिळून अर्धा दिवस. हेड उतरवलं असतं तर फेसिंग (हेडचा तळ घासून सपाट करणं), नवीन गॅस्केट, नवीन बोल्ट, आणि एवढं करून तवंग परत आलाच असता! काही गाड्यांत कूलर इंजिनाच्या पोटात दडवलेला असतो, तिथे हे इतकं सोपं नाही, हे मान्य.

ऑइलच्या झाकणाखाली पांढरी पेस्ट म्हणजे गॅस्केट गेलंच, हे तुमचं म्हणणं मात्र आपल्याकडे तरी चालणार नाही. जून ते सप्टेंबर माझी गाडी घर ते बाजार, ४ किलोमीटर, एवढीच फिरते, इंजिन पुरतं तापतच नाही, आतली वाफ थंड झाकणाला धरते आणि पेस्ट होते. कूलंटची लेव्हल कमी होत नसेल तर एकदा घाट चढवून आणा, बहुतेक वेळा जाते.

बाटलीतलं प्रत्येक चॉकलेटी पाणी म्हणजे ऑइल असंही नाही. आपल्याकडे रेडिएटरात सर्रास विहिरीचं पाणी ओततात, त्याने गंज सुटतो, पण गंज तळाला बसतो आणि ऑइल वर तरंगतं. दोन जातींचे कूलंट मिसळले तरी कधीकधी गिळगिळीत साका होतो. शंका असेल तर थेंबभर वर्तमानपत्रावर टाका, वाळल्यावर वड्याच्या कागदासारखा पारदर्शक डाग राहिला तर तेलच. आणि ऑटोमॅटिक गाडीच्या बाटलीत सोलकढी दिसली तर इंजिनाला हात लावू नका, बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सचं तेल रेडिएटरातच गार होतं, तो आतून फुटलेला असतो. तशी गाडी चालवतही नेऊ नका, टो करा, कारण तिकडे गिअरबॉक्समध्ये पाणी गेलेलं असतं.

राहिले होस पाइप. ते रबर पाणी सोसतं, तेल सोसत नाही, फुगतं. माझा वरचा पाइप दाबून बघितला तर पिकल्या केळ्यासारखा मऊ लागला, तो तसाच ठेवून मे महिन्यात घाट चढायचा? मी तरी नाही चढणार, तुम्हीही गिऱ्हाइकाला पाठवणार नाही. लेखात "सगळे पाइप बदला" लिहिलं होतं ते मात्र जास्त झालं, जे मऊ पडलेत, फुगलेत तेवढे बदला.

त्या टेम्पोचं जुनं गॅस्केट अजून अडगळीत कुठे पडलेलं असेल तर काका, फोटो पाठवा ना, ऑइलच्या भोकाजवळचा. लेखात त्या वाक्याच्या जागी तोच लावतो.