१३ पैकी १३, तरी पाचवा नंबर

परवा मावसभावाशी फोनवर पुन्हा तेच भांडण झालं. तो हंट्सविलला असतो, अलाबामाचा कट्टर चाहता. मी शिकायला म्हणून फ्लोरिडातल्या टॅलाहासीला आले आणि इथेच राहिले, त्यामुळे माझा संघ इथल्या विद्यापीठाचा, फ्लोरिडा स्टेट. डिसेंबर २०२३ मध्ये सगळे सामने जिंकूनही विजेतेपदाच्या लढतीत आमच्याऐवजी त्याचा अलाबामा घेतला गेला, तो विषय निघाला की अजूनही आम्हा दोघांचा आवाज चढतो. फोनवर धड बोलणं होत नाही, म्हणून आज सगळं एकदा नीट लिहून काढते.

ज्यांना इथल्या कॉलेज फुटबॉलची सवय नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. हे हेल्मेट घालून खेळायचं अमेरिकन फुटबॉल. २०२३ साली सगळ्यात वरच्या गटात १३३ विद्यापीठांचे संघ होते आणि प्रत्येकाचे नियमित सामने फक्त १२. म्हणजे बहुतेक संघ एकमेकांसमोर कधी येतच नाहीत. मग अव्वल कोण? १९३६ पासून पत्रकार मतं देऊन नंबर लावायचे, पुढे त्यात संगणकाचे आकडे मिसळले, आणि २०१४ पासून १३ जणांची समिती आली. टेक्सासमधल्या ग्रेपव्हाइनच्या हॉटेलात बसून ही समिती चार संघ निवडायची. त्या चारांत उपांत्य सामने, मग अंतिम, हीच प्लेऑफ. पाचवा नंबर लागला की संपलं.

आता त्या वर्षाकडे येते.

आम्ही पहिल्याच सामन्यात एलएसयूला, म्हणजे लुइझियाना स्टेटला, ४५-२४ ने हरवलं. क्लेमसनला त्यांच्या मैदानावर जादा वेळेत ३१-२४. एकामागून एक जिंकत गेलो. आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून सगळं आक्रमण चालवणारा मुख्य खेळाडू, जॉर्डन ट्रॅव्हिस. लुइव्हिल सोडून आमच्याकडे आलेला मुलगा, पडत्या काळात संघाला धरून राहिलेला. गावातल्या किराणा दुकानात बिल करणाऱ्या बाईसुद्धा त्याच्याबद्दल घरच्या मुलासारखं बोलायच्या.

१८ नोव्हेंबर, शनिवार. समोर नॉर्थ अलाबामा (भावाचा अलाबामा नव्हे, वेगळंच विद्यापीठ), म्हणजे तसा सोपा सामना. मी स्टेडियमात होते. सामन्याआधी नेहमीप्रमाणे रेनेगेड घोड्यावरून आमच्या संघाचं प्रतीक असलेला ओसिओला आला, पेटता भाला मैदानाच्या मधोमध रोवला, सगळं डोक कॅम्पबेल स्टेडियम दणाणलं. आणि पहिल्याच क्वार्टरमध्ये ट्रॅव्हिस चेंडू घेऊन पळाला, प्रतिस्पर्धी अंगावर आला आणि त्याचा डावा पाय नको तसा वळला. आमच्या जागेवरून पाय नीट दिसला नव्हता. पण मैदानावरचे आमचेच खेळाडू ज्या तऱ्हेने तोंड फिरवून उभे राहिले, ते दिसलं. माझ्या शेजारी सत्तरीचे एक गृहस्थ बसले होते, दर सामन्याला तीच जागा. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि गाडी ट्रॅव्हिसला घेऊन बाहेर जाईपर्यंत ती परत घातली नाही. सामना आम्ही ५८-१३ ने जिंकलो. घरी जाताना कुणाच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

त्याच रात्री साडेतीन वाजता आमच्याकडे अहमदाबादचा वर्ल्ड कप अंतिम सामना सुरू झाला. चार मराठी घरं एका हॉलमध्ये, चहाचं पातेलं गॅसवर. तो सामना कसा संपला ते तुम्हाला सांगायला नको. पण त्या पहाटेपासून एक गोष्ट माझ्या डोक्यात बसली आहे आणि माझं सगळं म्हणणं तिच्यावरच उभं आहे.

त्या वर्ल्ड कपमध्ये हार्दिक पंड्या पुण्यात, गहुंज्याच्या मैदानावर बांगलादेशविरुद्ध जखमी झाला आणि स्पर्धेबाहेर गेला. त्यानंतर शमी संघात आला, २४ बळी घेतले, वानखेडेवर उपांत्य सामन्यात न्यूझीलंडचे सात जण एकट्याने काढले. समजा, साखळीतले नऊच्या नऊ सामने जिंकल्यावर कुणी म्हणालं असतं की हार्दिक नाही, त्यामुळे आता हा संघ पूर्वीसारखा उरला नाही, उपांत्य फेरीत भारताऐवजी दुसऱ्याला घेऊ. आपण ऐकून घेतलं असतं?

फ्लोरिडा स्टेटच्या बाबतीत नेमकं हेच झालं. ट्रॅव्हिस गेल्यावर टेट रोडमेकर आला आणि गेन्सव्हिलला जाऊन तिथल्या फ्लोरिडा विद्यापीठाला २४-१५ ने हरवून आला. त्याच्याही डोक्याला मार लागला. मग कॉन्फरन्सच्या (विद्यापीठांच्या आपल्या गटाच्या) अंतिम सामन्याला ब्रॉक ग्लेन, तिसऱ्या नंबरचा क्वार्टरबॅक, पहिल्या वर्षाचा पोरगा, कॉलेजमध्ये सुरुवातीपासून खेळण्याची त्याची ती पहिलीच वेळ. समोर लुइव्हिल. त्या रात्री आमच्या बचावफळीने जे केलं ते मी विसरणार नाही. ब्रेडन फिस्क, जॅरेड व्हर्स, एकेक जण जीव तोडून खेळला. लुइव्हिलला एकही टचडाउन मिळाला नाही, म्हणजे एकदाही चेंडू आमच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेता आला नाही. १६-६. १३ पैकी १३ विजय आणि कॉन्फरन्सचं विजेतेपद.

दुसऱ्या दिवशी, ३ डिसेंबरला दुपारी निकाल आला. मिशिगन, वॉशिंग्टन, टेक्सास, अलाबामा. पाचवा फ्लोरिडा स्टेट. मोठ्या पाच कॉन्फरन्सपैकी एकीचा अपराजित विजेता बाहेर राहण्याची ही प्लेऑफच्या इतिहासातली पहिली वेळ. मिनिटाभरात मावसभावाचा मेसेज, अलाबामाची घोषणा: 'रोल टाइड, ताई.' मी फोन उलटा करून ठेवला.

त्याचं म्हणणं मी प्रामाणिकपणे मांडते, कारण त्यात दम आहे. अलाबामाने आदल्याच दिवशी जॉर्जियाला २७-२४ ने हरवलं होतं. तो जॉर्जिया सलग २९ सामने जिंकलेला, सलग दोन वर्षांचा विजेता. त्यांची कॉन्फरन्स आमच्यापेक्षा अवघड, हे मलाही मान्य आहे. अलाबामाची एकमेव हार टेक्सासकडून, आणि टेक्सास स्वतः चारांत होता. शिवाय समितीच्या नियमात सोय होतीच, महत्त्वाचा खेळाडू नसल्यामुळे पुढच्या सामन्यांवर परिणाम होणार असेल तर ते विचारात घ्यावं अशी. भाऊ म्हणतो, "ताई, चार सर्वोत्तम संघ निवडायचे होते. त्या दिवशी तुम्ही अलाबामाला हरवलं असतं का, खरं सांग."

खरं सांगायचं तर बहुतेक नसतं हरवलं.

पण हा प्रश्नच मला मान्य नाही. माझं काम हवामानाचं आहे. अंदाज देणं हीच माझी रोजीरोटी, अंदाजाची किंमत मला चांगली कळते. तरी पाऊस किती पडला हे आम्ही पर्जन्यमापक बघून लिहितो. मॉडेल ५० मिलिमीटर म्हणत होतं आणि मापकात १० निघाले, तर नोंदवहीत १० च जातात. समितीने १३ सामन्यांची नोंद समोर असताना अंदाज वहीत उतरवला. नियमाने तशी मुभा दिली असेल, तर तो नियम चुकीचा आहे.

आणि तोच नियम सगळ्यांना सारखा लावला असता तरी मी गप्प बसले असते. २०१४ साली ओहायो स्टेटचा क्वार्टरबॅक जे. टी. बॅरेट मिशिगनविरुद्ध जायबंदी झाला. त्यांचाही तिसऱ्या नंबरचा क्वार्टरबॅक, कार्डेल जोन्स, कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात उतरला, विस्कॉन्सिनला ५९-० ने चिरडलं आणि समितीने त्यांना चौथा नंबर दिला. त्यांच्या खात्यात तर एक हारही होती. पुढे त्यांनी उपांत्य सामन्यात अलाबामालाच ४२-३५ ने हरवलं आणि मग ओरेगनला हरवून विजेतेपद घेतलं. तिसऱ्या नंबरचा पोरगा काय करेल ते सांगता येत नाही, हे या समितीला तिच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं. भाऊ म्हणतो, "ते ५९-० होतं, तुमचं १६-६." अरे, मग विजय किती देखणा होता याचेही गुण द्यायचे का? अलाबामाने ऑबर्नला हरवलं ते कसं, आठवतंय ना? चौथा डाउन, म्हणजे चौथा आणि शेवटचा प्रयत्न, ३१ यार्ड बाकी, शेवटचं मिनिट, आणि हवेत फेकलेला एक चेंडू. २७-२४. तो विजय पूर्ण धरला, धरायलाच हवा होता. आमचा का अर्धा धरला?

त्याचं हुकमी उत्तर म्हणजे ऑरेंज बोल. 'बोल' म्हणजे हंगाम संपल्यावरचे मानाचे सामने, त्यांतला हा एक. ३० डिसेंबरला जॉर्जियाने आम्हाला ६३-३ ने हरवलं. बोल सामन्यांच्या इतिहासातला सगळ्यात मोठा फरक. "बघ, समिती बरोबर होती." हे ऐकलं की मला राग येतो. त्या सामन्यात आमचे वीसहून जास्त खेळाडू नव्हते. कुणी पुढच्या व्यावसायिक करियरसाठी अंग काढून घेतलं, कुणी दुसरीकडे बदली घेतली. जे मिळवलं ते काढून घेतल्यावर पोरांनी कशासाठी गुडघे फोडून घ्यायचे? आणि अहमदाबादला आपण सहा गड्यांनी हरलो, म्हणून अंतिम सामन्यात भारताची जागा नव्हती असं कुणी म्हणालं का?

अलाबामा पुढे मिशिगनशी जादा वेळेत २७-२० ने हरला, मिशिगन विजेता झाला. अलाबामा चांगला खेळला, मी पूर्ण सामना पाहिला. त्या खेळाडूंबद्दल माझ्या मनात काही नाही.

मला सगळ्यात जास्त लागलं ते ट्रॅव्हिसचं. निकालानंतर त्याने लिहिलं की माझा पाय हंगामात आधीच मोडला असता तर बरं झालं असतं, म्हणजे हा संघ एका क्वार्टरबॅकपुरता नाही हे सगळ्यांना दिसलं असतं. शेवटी त्याने माफी मागितली. पाय मोडलेला मुलगा, जिंकलेल्या संघाची माफी मागतोय. त्या दिवशी मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून रडले.

नंतरचं थोडक्यात. पुढच्या वर्षी आमचे १२ पैकी दोनच विजय. प्लेऑफ १२ संघांची झाली. ३० ऑगस्ट २०२५ ला अलाबामा टॅलाहासीला आला आणि आम्ही ३१-१७ ने जिंकलो. भाऊ सामन्याला आला होता, माझ्याच घरी उतरला होता. सकाळी पार्किंगमध्ये त्याच्या मित्रांनी शेगडी लावली, मी दोन डबे बटाटेवडे नेले, अलाबामाच्या लाल कपड्यातल्या लोकांनी ते आधी संपवले. पण ते वर्ष आम्ही पाच विजय आणि सात हारींवर संपवलं आणि अलाबामा प्लेऑफमध्ये गेला. त्याबद्दल मी एका शब्दाने तक्रार केली नाही. आम्ही काही मिळवलंच नव्हतं.

त्याच डिसेंबरात नोटर डेम की मायामी हा वाद पेटला. दोघांचेही १० विजय, दोन हारी. मायामीने ऑगस्टमध्ये नोटर डेमला २७-२४ ने हरवलं होतं, तरी कित्येक आठवडे समिती नोटर डेमला वर ठेवत होती, कारण तो संघ 'आत्ता जास्त चांगला' दिसत होता. मायामी आमचे पिढीजात वैरी. या गावात त्यांच्या केशरी-हिरव्या रंगाचा टीशर्ट घालून कुणी फिरलं तर लोक मान वळवून बघतात. तरी मी भेटेल त्याला सांगत होते की जागा मायामीची आहे, ते समोरासमोर जिंकलेत. शेवटच्या दिवशी समितीने मायामीला वर घेतलं, नोटर डेम बाहेर.

मायामी पुढे थेट अंतिम सामन्यापर्यंत गेले आणि इंडियानाशी २७-२१ ने हरले. परवा भाऊ म्हणाला, "बघ, मायामीने सिद्ध केलं, म्हणजे तुझंच खरं ठरलं." त्याला वाटलं मी खूश होईन. मी म्हटलं, नाही रे, ते पहिल्याच सामन्यात ५० गुणांनी हरले असते तरी जागा त्यांचीच होती. तिथूनच आमचं भांडण परत सुरू झालं.